चिठ्ठी कुठे अडली?

८ नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात चंद्र उगवला तो ग्रहण लागलेल्या अवस्थेतच. आम्ही काही संशोधक आणि आमच्या परिचयाचे काही शिक्षक यांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि मुलांच्या प्रश्नांसह मास्टोडॉन या समाजमाध्यमावर टाकली. तिथे येऊन आम्हांला जेमतेम आठवडा झाला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका हौशी आकाशनिरीक्षकाने लगेच उत्तर पाठवले. त्याच्याकडे खग्रास ग्रहण दिसले होते. पृथ्वीच्या सावलीची कडा चंद्रावरच्या कोणत्या विवरावर किती वाजता पोचली, याच्या नोंदी त्याने ठेवल्या होत्या. पुढचे दोन महिने त्याचे आणि आमच्या एका शिक्षिका मैत्रिणीच्या आठवीच्या वर्गाचे छान जमले.

जानेवारीत त्याची उत्तरे यायची थांबली. ‘ते काका रागावले का?’ असे वर्गातल्या एका मुलीने विचारले. आपले काही चुकले का, हे पाहण्यासाठी आम्हीही जुन्या पोस्ट चाळल्या. शेवटी ईमेल पाठवला, तेव्हा कळले की तो रोज लिहीत होता आणि आम्हीच गप्प झालो आहोत असे त्याला वाटत होते. आमची खाती ज्या सर्व्हरवर होती, त्याच्या चालकाने ऑस्ट्रेलियातल्या त्या सर्व्हरशी संबंध तोडले होते. निमित्त होते तिथल्या तिसऱ्याच कुणाच्या वागण्यावरून झालेला वाद. हा वाद ना आम्हांला ठाऊक होता, ना त्याला.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. अशा विकेंद्रित माध्यमात नव्याने आलेल्या माणसाला तिथले वाद कळतात तरी कसे? शोध घेताना लक्षात आले की याचे उत्तर माणसांच्या स्वभावात थोडे आणि माध्यमाच्या रचनेत जास्त आहे. म्हणून आधी रचना पाहू.

नाव आणि गाव

फेसबुकसारखे माध्यम एका कंपनीच्या ताब्यात असते. नियम एक, ते बदलणारे कार्यालय एक. तिथे वादग्रस्त निर्णय झाला की त्याची बातमी वर्तमानपत्रांत येते आणि सर्वांना साधारण एकाच वेळी कळते.

मास्टोडॉनचे तसे नाही. जर्मनीतील ऑयगेन रोच्को या तरुण प्रोग्रामरने ते २०१६ मध्ये सुरू केले. त्याचा प्रोग्राम कुणालाही विनामूल्य घेता येतो आणि आपल्या सर्व्हरवर चालवता येतो. असे हजारो सर्व्हर आहेत. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. कित्येक ठिकाणी हा चालक म्हणजे नोकरी सांभाळून, पदरचे पैसे आणि सदस्यांच्या देणग्या यांवर सर्व्हर चालवणारी एकटी व्यक्ती असते. इथल्या पत्त्याचे दोन भाग असतात. पहिला आपले नाव, दुसरा आपल्या सर्व्हरचे नाव. जणू नाव आणि गाव.

या गावांमधली टपालाची रीत मात्र सामाईक आहे. तिला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. समजा, ‘अ’ गावची सुमन ‘ब’ गावच्या रहीमला फॉलो करते. रहीमने काही लिहिले की ‘ब’ सर्व्हर त्याची एक प्रत ‘अ’ सर्व्हरकडे धाडतो आणि ‘अ’ सर्व्हर ती सुमनला दाखवतो. सुमन स्वतः ‘ब’ गावात जात नाही. तिला दिसते ते तिच्या गावच्या टपालघरात येऊन पडलेले.

यातून दोन गोष्टी ओघानेच येतात. पहिली अशी, की प्रत्येक गावातून दिसणारे जग वेगळे असते. एकाच पोस्टखाली सुमनला चार उत्तरे दिसतील आणि रहीमला अकरा. मास्टोडॉनच्या २०२५ मधल्या सुधारित आवृत्तीने न पोचलेली उत्तरे आपणहून मागवण्याची सोय केली, तरी अडवलेल्या गावांची उत्तरे येतच नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे ‘अ’चा चालक ‘ब’चे टपाल अडवू शकतो. याच्या दोन पायऱ्या आहेत. सौम्य पायरीत ‘ब’ची पत्रे गावच्या चावडीवर लावली जात नाहीत, पण ज्यांनी मागितली त्यांना मिळतात. कडक पायरीत दोन्ही गावांमधली सगळी नाती तुटतात. आमच्या बाबतीत हेच घडले होते.

या सगळ्यावर मुख्य कार्यालय कोणतेच नाही. त्यामुळे कोणत्या गावाने कुणाचे टपाल का अडवले, याची दवंडी सर्व गावांत पिटणारेही कुणी नाही.

नवे लोक येतात ते घोळक्याने

नव्या माणसाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. तो बहुधा दुसरीकडच्या भांडणाला कंटाळून आलेला असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीय मास्टोडॉनवर आले. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, हे त्याचे तात्कालिक कारण. ट्विटर जातीच्या बाबतीत पक्षपात करते, असे आरोपही त्या दिवसांत जोरात होते. पुढे ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले. तेव्हा मास्टोडॉनच्या दरमहा सक्रिय सदस्यांची संख्या सुमारे ३ लाखांवरून दोन महिन्यांत २५ लाखांवर गेली. आम्हीही त्याच लोंढ्यातले.

एका घरातल्या कटकटीला कंटाळून बाहेर पडलेल्या माणसाला नव्या घरी शांतता असेल असे वाटते. शिवाय ‘इथे मालक कुणी नाही’ हे वाक्य त्याने ऐकलेले असते, आणि मालक नाही म्हणजे भांडण नाही, असा सोयीस्कर अर्थ तो लावतो. प्रत्यक्षात मालक एक नसला की एका मोठ्या निर्णयाच्या जागी हजारो लहान निर्णय येतात. त्यांतला प्रत्येक निर्णय कुणीतरी नाव-गाव असलेल्या माणसाने घेतलेला असतो, आणि म्हणून त्यावर वादही होऊ शकतो.

पहिली ओळख : टोकणे आणि नसलेले बटण

आम्हांला वादांची पहिली चाहूल लागली ती कुणीतरी टोकल्यामुळे. चित्राखाली त्याचे शब्दांत वर्णन नसेल तर दृष्टिहीन वाचकाला ते समजत नाही, असे एकाने सौजन्याने सांगितले. ते आम्हांला तत्काळ पटले.

दुसरी एक प्रथा इतकी सरळ नव्हती. मास्टोडॉनवर मजकुरावर एक ओळीची पूर्वसूचना घालता येते. वाचणाऱ्याने ती उघडली तरच आतला मजकूर दिसतो. हिंसेची वर्णने, राजकारण, इतकेच काय जेवणाची छायाचित्रेसुद्धा अशी झाकण्याची पद्धत काही गावांत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीयांना, वर्णभेदाचे आपले अनुभवही अशा पडद्याआड लिहा, असे सांगण्यात आले. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही जे रोज सोसतो ते तुम्हांला पाहायचेही नाही काय? एका बाजूला वाचकाचा आराम, दुसऱ्या बाजूला बोलणाऱ्याचा हक्क. ही प्रथा म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे, तिच्यावरून जुना मतभेद आहे, हे अनेकांना टोकल्यानंतरच कळले.

कधी वाद नसलेल्या बटणातून कळतो. दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करून तिच्यावर आपले मत लिहिण्याची सोय ट्विटरवर होती, मास्टोडॉनवर नव्हती. नव्या लोकांना ही त्रुटी वाटली. पण रोच्को यांनी ती सोय जाणूनबुजून टाळली होती. कारण एखाद्याला गर्दीसमोर उभे करून त्याची खिल्ली उडवायला ती वापरली जाते. उलट, अशा उद्धृतांतूनच आमचा संवाद चालतो, असे म्हणणारेही बरेच होते. अखेर २०२५ मध्ये ही सोय आली, तीही मूळ लेखकाच्या परवानगीची तजवीज ठेवून. वर्गातल्या बाकांची रचना पाहून शाळेचे विचार कळतात, तसेच हे.

दुसरी ओळख : अभाव

जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफर याने १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्याला रंगांच्या पट्ट्यात शेकडो काळ्या रेषा आढळल्या. त्या जागी प्रकाश जवळजवळ नव्हता. पुढे सुमारे ४५ वर्षांनी किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवले की तो प्रकाश वाटेत विशिष्ट मूलद्रव्यांनी शोषलेला असतो. म्हणजे जे पोचले नाही, त्यावरून वाटेत काय आहे ते समजले.

विकेंद्रित माध्यमात बरेच वाद असेच कळतात. जुलै २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्या गटांमुळे गाजलेल्या अमेरिकी समाजमाध्यमाने मास्टोडॉनचा प्रोग्राम वापरायला सुरुवात केली. प्रोग्राम मुक्त असल्याने त्याला मज्जाव करणे कुणालाच शक्य नव्हते. बहुसंख्य सर्व्हरांनी आपापले दरवाजे मात्र बंद केले. मास्टोडॉन वाचण्यासाठी लोक फोनवर जी ॲप वापरतात, त्यांपैकी काहींच्या कर्त्यांनी ॲपमध्येच गॅबला बंदी घातली. त्यावर नवा वाद निघाला : कुठे जायचे हे वाचकाने ठरवायचे की ॲप बनवणाऱ्याने? त्यानंतर आलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने गॅब तिथे नाहीच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पत्रकारांसाठी जर्ना डॉट होस्ट नावाचा सर्व्हर निघाला. तिथल्या देखरेखीबद्दल तक्रारी झाल्या आणि काही दिवसांतच अनेक सर्व्हरांनी त्याचे टपाल अडवले. ज्यांच्यावर तक्रार नव्हती असे तिथले पत्रकारही मग त्या गावांतून दिसेनासे झाले. गावाने टपाल अडवले की ते सरसकट अडते. निर्णय सर्व्हरवर होतो आणि त्याची झळ माणसाला लागते.

नाती तुटल्याची सूचना सदस्याला देण्याची सोय मास्टोडॉनमध्ये ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीपासून आली. आमच्या मुलीने प्रश्न विचारला तेव्हा ती असती, तर काका रागावले नाहीत, हे आम्ही त्याच दिवशी सांगू शकलो असतो.

तिसरी ओळख : पायाखालची जमीन

काही वाद आपण उभे आहोत त्या जमिनीचेच असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीअर डॉट एएफ हा समलिंगी व पारलिंगी सदस्यांचा सर्व्हर एकाएकी त्याच्या पत्त्यावर सापडेनासा झाला. त्याच्या नावाच्या शेवटची ‘एएफ’ ही अक्षरे अफगाणिस्तानच्या वाट्याची आहेत, आणि तिथल्या तालिबानी सरकारने ते नाव रद्द केले होते. सर्व्हर विकेंद्रित असला तरी त्याच्या दारावरची पाटी कुणाच्या तरी अखत्यारीत असते.

मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिवा या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर एफबीआयने दुसऱ्याच एका प्रकरणात छापा घातला. जप्त झालेल्या साहित्यात सर्व्हरवरील माहितीची एक प्रत होती आणि ती कूटबद्ध केलेली नव्हती. मास्टोडॉनवरचे खासगी संदेश चालकाला वाचता येण्याजोगे असतात, ही गोष्ट मुळीच गुप्त नव्हती. पण बऱ्याच जणांनी ती पहिल्यांदा नीट वाचली ती या बातमीनंतर.

आमच्यावरही पाळी आली. २०२४ मध्ये आमचा सर्व्हर चालकाला झेपेनासा झाला आणि त्याने तो बंद केला. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवे असेल, तर बंद करण्यापूर्वी ३ महिने सूचना देण्याचे वचन सर्व्हरला द्यावे लागते. आमचा सर्व्हर त्या यादीत आहे की नाही, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. सूचना मिळाली ती १० दिवसांची. दुसऱ्या गावी जाताना आपल्याला फॉलो करणारी माणसे बरोबर नेता येतात, लिहिलेल्या पोस्ट नेता येत नाहीत. त्यांची प्रत उतरवून घेता येते, पण ती नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही. आमच्यापैकी तिघांनी प्रत घेतली. आठवीच्या वर्गाने शाळेजवळच्या बहाव्याला पहिला फुलोरा कधी आला याच्या दोन वर्षांच्या नोंदी केल्या होत्या. त्या शिक्षिका मैत्रीण तेव्हा परीक्षेच्या कामात होत्या. त्या नोंदी गेल्या.

चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. तो दोन वर्षे रात्री जागून आमच्यासाठी फुकट राबत होता. देखरेखीचा खर्च कुणी सोसायचा, हा इथला सर्वांत जुना वाद आहे. तो आम्हांला सर्वांत शेवटी कळला.

चौथी ओळख : वेशीवर

जुलै २०२३ मध्ये मेटा कंपनीने थ्रेड्स सुरू केले आणि पाच दिवसांत त्याचे १० कोटी सदस्य झाले. हे माध्यम पुढे ॲक्टिव्हिटीपबला जोडू, असे कंपनीने जाहीर केले होते. त्यावर सर्व्हरचालकांत फूट पडली. काहींनी थ्रेड्सचे टपाल घेणार नाही, अशा फेडिपॅक्ट नावाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. मोठी कंपनी आधी सामील होते आणि मग सगळे आपल्याकडे ओढून घेते, ही त्यांची भीती. रोच्को यांनी मात्र हा विकेंद्रित विचाराचा विजय मानला. नव्या माणसाच्या सर्व्हरने कोणती बाजू घेतली, त्यावर त्याला या वादाची कोणती हकिकत पहिल्यांदा ऐकू येईल हे ठरले.

फेब्रुवारी २०२४ मधला वाद आणखी सूक्ष्म होता. मास्टोडॉन आणि ब्लूस्काय या माध्यमांत पूल बांधण्याची योजना एका प्रोग्रामरने मांडली. जे नकार देणार नाहीत, त्या सर्वांच्या सार्वजनिक पोस्ट पलीकडे जातील, अशी मूळ कल्पना होती. त्यावर तीव्र टीका झाली, आणि जे होकार देतील त्यांच्याच पोस्ट जातील, असा बदल त्याने केला. गप्प बसणे म्हणजे संमती का? सहलीच्या परवानगीपत्रावर पालकांची सही घेणाऱ्या शिक्षकांना हा प्रश्न समजावून सांगायला नको.

ब्लूस्कायच्या बाबतीत तर ‘विकेंद्रित’ या शब्दावरच वाद आहे. ट्विटरने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या प्रकल्पातून ते उगम पावले. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना खुले झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने २ कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात ॲक्टिव्हिटीपबच्या एक सहलेखिका क्रिस्टीन लेमर-वेबर यांनी ते खरोखर किती विकेंद्रित आहे, असा प्रश्न विचारणारा दीर्घ लेख लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : मास्टोडॉनमध्ये पत्र ज्याचे त्याच्या गावी जाते, तर ब्लूस्कायमध्ये सर्वांची पत्रे एका प्रचंड ढिगात जमतात आणि त्यातून हवी ती शोधली जातात. असा ढीग सांभाळणे सामान्य माणसाला परवडणारे नाही. कंपनीतील एका अभियंत्याने त्याला सविस्तर आणि सभ्य उत्तर दिले. सदस्याला आपला सगळा पसारा घेऊन कंपनी सोडता यावी, यावर आमचा भर आहे, असा त्याचा रोख होता. बहाव्याच्या नोंदी गमावल्यावर आम्हांला हा दुसरा मुद्दाही हलका वाटत नाही.

वर्गात करून पाहा

हे सर्व मुलांना संगणकाशिवाय दाखवता येते. वर्गाची पाच गावे करा. प्रत्येक गावात एक पोस्टमास्तर नेमा. दोन मुलांना बाहेर पाठवा. ते आपले नवागत. उरलेल्या प्रत्येकाने इतर गावांतल्या तिघांची नावे आपल्या पोस्टमास्तरकडे द्यावीत. त्या तिघांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती त्याला मिळतील. आता दोन पोस्टमास्तरांना कानात सांगा, की एका ठरावीक गावाच्या चिठ्ठ्या परस्पर बाजूला ठेवा. दहा मिनिटे चिठ्ठ्या चालू द्या.

मग नवागतांना वेगवेगळ्या गावांत बसवा आणि फक्त आलेल्या चिठ्ठ्या वाचून कोणाचे कोणाशी बिनसले आहे ते ओळखायला सांगा. आम्ही हा खेळ तीन शाळांत केला. दर वेळी दोघांची उत्तरे वेगळी आली. ‘त्या गावची मुले लिहीतच नाहीत’ हे उत्तर हमखास येते. गावांची अदलाबदल करू दिली की उत्तरे सुधारतात. शेवटी अडवलेल्या गावांची यादी कारणांसह भिंतीवर लावायला पोस्टमास्तरांना सांगा. मग यादीतली कारणे पटतात का, यावर चर्चा होऊ द्या. कारण लिहिलेले असणे आणि ते योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलेच बोलून दाखवतात.

नव्या सर्व्हरवर खाते उघडण्यापूर्वी आम्हीही आता हेच करतो. सर्व्हरच्या माहितीच्या पानावर नियम आणि, चालकाने जाहीर केली असेल तर, अडवलेल्या सर्व्हरांची यादी असते. ती वाचतो. खर्च कोण करतो आणि चालक किती जण आहेत ते पाहतो. वादाची हकिकत ऐकली की ती कोणत्या गावातून ऐकू येते आहे याची नोंद करतो आणि तीच गोष्ट दुसऱ्या गावातून कशी दिसते ते पाहतो. आणि दर महिन्याच्या एक तारखेला आपल्या लिखाणाची प्रत उतरवून घेतो.

आठवीचा तो वर्ग आता शाळेतून बाहेर पडला. बहाव्याच्या नोंदी नव्या मुलांनी नव्याने सुरू केल्या आहेत, या वेळी आधी वहीत. ऑस्ट्रेलियातले काका त्यांना अजून पत्र लिहितात, ईमेलने.